गवसणीची मखमल

आमच्या घरी कुरआन शरीफ ज्या जुजदानात ठेवलेला आहे, तो मरून मखमलीचा आहे. मधोमध गोट्याची एक तिरपी वेल आहे आणि तोंडाला रेशमी दोरी. घरी येणाऱ्या बायका हमखास विचारतात, "कुठून घेतला हो?" मी सांगते, "आमच्या अम्माने शिवला." एवढंच सांगते. बाकीची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. अम्माला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझ्या नातीने परवा सुई-दोरा हातात घेतला, तेव्हा वाटलं, आता सांगून टाकावी.

माझं माहेर मिरजेचं. मिरज म्हटलं की लोकांना ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांचा दर्गा आठवतो, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आठवतात आणि सतार-तंबोरे आठवतात. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली आणि पुढे ती अख्ख्या गल्लीची रोजीरोटी झाली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांनी कारागिरांचे फोटो पाहिले. त्या वाद्यांवर कापडाचं जे आवरण चढवतात, त्याला गवसणी म्हणतात. त्या गवसण्या कोण शिवतं, हे सहसा कुणी विचारत नाही. आमच्या गल्लीत त्या माझी अम्मा शिवायची.

अब्बांच्या हयातीत अम्माचं शिवणकाम घरापुरतं होतं. पायमशीन तिने माहेरून आणलं होतं. त्यावर आमची झबली-टोपरी, दादीचे परकर, अब्बांचे लट्ठ्याचे पायजमे निघायचे. रमजानचा पहिला अशरा संपला की अब्बा कापड आणायचे. दोन्ही भावांना एकाच ताग्यातलं पॉपलीन, आम्हा बहिणींना एकच छींट. ईदगाहच्या वाटेवर आमची भावंडं लांबूनही ओळखू यायची. अम्माला स्वतःसाठी वायलची साडी मिळायची. मुंबईच्या गिरण्यांची ती वायल इतकी तलम असायची की अम्मा तिची घडी नाकाला लावून वास घ्यायची आणि मग आम्हालाही द्यायची. कोऱ्या कापडाचा तो वास मला अजून ईदचा वास वाटतो.

दादीची एक लोखंडी पेटी होती. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवलेली. वर्षातून एकदा, ऊन चांगलं कडक असेल तेव्हा, ती अंगणात उघडायची. आम्ही हात धुऊन गोल बसायचो. त्यात दादाजींच्या निकाहातला मशरूचा अंगरखा होता. दादी तो उलटा करून आमच्या गालाला लावायची आणि विचारायची, "क्या है?" आम्ही म्हणायचो, "सूत." मग सुलटा करायची. "और ये?" "रेशीम!" मशरू म्हणजे शरियतने मुभा दिलेलं. पुरुषांना रेशीम वर्ज्य, म्हणून विणकराने असं कापड विणलं की अंगाला सूत लागावं आणि रेशमाची झळाळी बाहेर राहावी. त्याच पेटीत औरंगाबादची एक हिमरू शालही होती. सुती ताणा, रेशमी बाणा आणि त्यावर वेलबुट्टी. दादी म्हणायची, "बेटा, कपडे को आँख से नहीं, हात से देखना." कापड हाताने पाहायला मी तिथे शिकले.

1974 साली अब्बा गेले. मी आठ वर्षांची होते. अम्मा इद्दतला बसली. चार महिने दहा दिवस. घरात कमावणारं कुणी नव्हतं. बडे अब्बा स्वतःच्या संसारातून काढून देत होते, पण त्यांचीही पाच मुलं होती. पंधरा-वीस दिवसांनी अम्माने त्यांना पडद्याआडून सांगितलं, "भाईजान, सतारवाल्यांकडून काही शिवायचं काम मिळालं तर बघा." दुसऱ्या दिवशी ते एक तंबोराच घेऊन आले, सोबत मरून मखमलीचा तुकडा आणि अस्तराचं कापड.

एक तंबोरा दुसऱ्यासारखा नसतो, हे अम्माला त्या दिवशी कळलं. मर्दानी तंबोरा मोठा, जनाना लहान, हे एक झालं. पण भोपळा तर शेतात पिकतो, पंढरपूरच्या बाजूने येतो, त्याला साचा नसतो. कुठला एका अंगाला फुगलेला, कुठला चपटा. म्हणून प्रत्येक गवसणीचं माप वेगळं. अम्माने त्या भोपळ्याला सुतळी गुंडाळून मापं घेतली, जुन्या वर्तमानपत्राच्या कळ्या कापल्या, त्या भोपळ्यावर टाचून पाहिल्या आणि मग मखमलीला कात्री लावली. तिला कळीचा परकर येत होता, कळीदार कुर्ता येत होता. ती म्हणाली, "ये भी किसी का कुर्ताच है." अंगावर साधी पांढरी साडी, हातात काकणं नाहीत आणि मांडीवर दिवसभर लाल-मरून मखमल. इद्दतमधली अम्मा माझ्या डोळ्यांसमोर आजही तशीच बसलेली आहे.

मखमल शिवणं सोपं नसतं. तिला लव असते. हात एका दिशेने फिरवला तर कापड उजळ दिसतं, उलट फिरवला तर गडद. दोन तुकड्यांची लव उलटसुलट जोडली तर एकाच कापडाचे दोन रंग दिसतात. शिवाय मशीनखाली मखमल सरकते, म्हणून अम्मा आधी हाताने कच्चा टाका घालायची, मग टीप मारायची. कच्चे टाके उसवायचं काम माझं होतं. कधी घाईत मी चांगली टीपसुद्धा उसवायचे. तेव्हा अम्मा सूरह नहलमधल्या त्या बाईची आठवण द्यायची, जी मेहनतीने कातलेलं सूत आपल्याच हाताने पुन्हा उलगडून टाकते. आयतीचा अर्थ वचनं पाळण्याबद्दल आहे हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा मला वाटायचं, ती माझ्यासारखीच कुणी धांदरट मुलगी असेल.

काम पोचवताना अम्मा उरलेली कतरणसुद्धा एका फडक्यात बांधून परत पाठवायची. दोन बोटांच्या पट्ट्या, त्रिकोणी तुकडे, सगळं. "कापड त्यांचं आहे. आपला फक्त हात." कारखान्याच्या मालकांनी दोन-तीनदा निरोप दिला की एवढं कशाला पाठवता. शेवटी त्यांनी बडे अब्बांना स्पष्ट सांगितलं, "भाभींना सांगा, कतरण त्यांचीच. आमच्या खुशीने." त्यानंतरच अम्माने ती ठेवायला सुरुवात केली. मशीनच्या खणात एक पिशवी होती, ती हळूहळू फुगत गेली.

1976 ची ईद सप्टेंबरात आली. पावसाळा सरत आला होता. त्या वर्षी छोट्या भावाचं आजारपण झालेलं, हातात काही नव्हतं. कापड येणार नाही हे मला कळलं होतं, मी विचारलंही नाही. चाँदरातीला रात्रभर मशीन वाजत होतं. सकाळी गुस्ल करून आले तर उशाशी एक फ्रॉक होता. मरून मखमलीचा, फुग्याच्या बाह्या, कळ्या-कळ्यांचा घेर आणि गळ्याला पांढरी लेस. दोन वर्षांची कतरण जोडून अम्माने तो शिवला होता. कुठे जोड आहे ते बोट फिरवूनच कळत होतं, कारण तिने प्रत्येक तुकड्याची लव एकाच दिशेला ठेवली होती. आरशात पाहिलं आणि मला वाटलं, आज मिरजेत माझ्यासारखं कुणी नाही.

दुपारी मामूंच्या घरी गेलो. तिथे मुंबईची भावंडं आली होती, नायलॉनचे झुळझुळीत कपडे घालून. गल्लीतली मुलंही ईदी घ्यायला जमली होती. त्यातला एक मुलगा तंबोरे बनवणाऱ्यांच्या घरचा. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि ओरडला, "अरे, ये तो गवसणी है!" मग काय! एकाने माझ्या पाठीवर तार छेडल्यासारखी बोटं फिरवली. "तंबोरा आया, तंबोरा आया!" मोठी माणसंही हसली. वाईट मनाने नाही, पण हसली.

मी पळत घरी आले. अम्मा शीरखुर्म्याचं पातेलं घासत होती. मी फ्रॉक काढला, मशीनच्या खणातली तिची मोठी कात्री घेतली आणि तिच्यासमोर गळ्यापासून खाली वीतभर कापत गेले. म्हणाले, "मी काय भोपळा आहे? मला भोपळ्याचं कापड घालतेस!"

अम्माने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने राखेचे हात धुतले, पदराला पुसले, माझ्या हातातून कात्री घेतली आणि म्हणाली, "कैंची जगा पे रखना, बेटा. धार जाती है." फ्रॉक उचलून तिने घडी केली. त्या ईदला ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. रात्री केसांना तेलही लावलं. मी मात्र माफी मागितली नाही. आधी राग होता म्हणून, मग लाज होती म्हणून आणि पुढे इतके दिवस गेले की विषय काढायचा तरी कसा, म्हणून.

त्याच मशीनवर अम्माने आम्हा चौघांना वाढवलं. गवसण्या होत्याच, शिवाय मोहल्ल्यातल्या मुलींच्या निकाहाचे शरारे, बाळंतविडे, शाळेचे गणवेश. गोरगरिबाच्या मुलीचा जोडा असेल तर शिलाईचे पैसे ती "बाद में" म्हणायची, आणि ते "बाद में" कधी येत नसे. मोहल्ल्यात कुणा बाईचं निधन झालं की कफन बेतायलाही तिलाच बोलावणं यायचं. त्याचे पैसे तिने कधीच घेतले नाहीत.

1986 साली माझा निकाह झाला. सासर इचलकरंजी. तिथे 1904 साली पहिला यंत्रमाग आला आणि आज अख्ख्या गावाला मागांचा खडखडाट आहे. रुख्सतीच्या वेळी अम्माने माझ्या हातात कुरआन शरीफ दिला, मखमलीच्या जुजदानात. मी मखमल ओळखली. हाताने ओळखली. मी म्हटलं, "अम्मा, हे..." ती म्हणाली, "चल, गाडी थांबली आहे." आणि माझ्या डोक्यावरची ओढणी सारखी केली.

2011 साली अम्मा गेली. गुस्ल देताना मी होते. कफनासाठी पांढरा लट्ठा आणला होता. बायकांनी माझ्याकडे पाहिलं, कारण बेतायला आता अम्मा नव्हती. मला तिने शिकवलं होतं. बाईला पाच कपडे, कुठला किती लांब, कुठला आधी अंथरायचा. कात्रीने फक्त टोक कापायचं, पुढे हाताने फाडत जायचं. लट्ठा दोऱ्याच्या रेषेत सरळ फाटतो. मी फाडत गेले. जिने आयुष्यभर सगळ्यांना शिवून दिलं, तिच्या शेवटच्या कपड्याला एकही टाका नव्हता. कुणाच्याच नसतो. राजाच्याही नाही, शिंप्याच्याही नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी जुजदानाचं अस्तर विरलं. बदलायला म्हणून मी ते उसवलं आणि मखमलीची आतली बाजू पहिल्यांदा पाहिली. मधोमध, बरोबर त्या गोट्याच्या वेलीखाली, वीतभर लांब कापलेलं होतं. ती माझी कात्री होती. अम्माने तो भाग टाकून दिला नव्हता. फ्रॉकचा पुढचा तो सगळ्यात मोठा तुकडा होता, तोच तिने घेतला होता. कापलेल्या दोन्ही कडा इतक्या बारीक टाक्यांनी रफू केल्या होत्या की मोजता येऊ नयेत, आणि वरून गोटा लावला होता. पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी ती वेल नक्षी समजत होते.

मी जमिनीवर बसून खूप रडले. मग उठून वुजू केलं, दोन रकात नमाज पढले आणि जी माफी मी दहाव्या वर्षी मागायला हवी होती, ती अल्लाहकडे मागितली. नवं अस्तर लावलं, पण रफूला हात लावला नाही.

परवा नात म्हणाली, "दादी, मला शिवायला शिकव." आता तयार कपडे इतके मिळतात की घरातलं मशीन बहुतेक ठिकाणी पांघरूण घालून कोपऱ्यात उभं असतं. मी तिला आधी धावदोरा शिकवला. तिचा टाका वाकडा गेला, तिने वैतागून कापड फेकलं. मी ते उचललं, तिला जवळ बसवलं आणि जुजदान उघडून आतली बाजू दाखवली. ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग विचारलं, "मग तू सॉरी म्हणालीस का?"

वाचक भगिनींनो, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमची अम्मा हयात असेल आणि असा एखादा टाका राहून गेला असेल, तर आजच घालून घ्या. आणि माझ्या अम्मासाठी मगफिरतची दुआ करा.