प्रकृतीचे वर्तमान आणि कामाचा शोध



गेल्या वर्षभरात माझ्या प्रकृतीची विचारपूस करणारे इतके दूरध्वनी आणि निरोप चुडाव्यास आले, की प्रत्येकास वेगळे उत्तर देणे माझ्या हातांना झेपणारे नव्हते. हे अलंकारिक बोलणे नव्हे. जून महिन्यापर्यंत मला लेखणी खरोखरच धरता येत नव्हती. म्हणून प्रकृती, नोकरीचा शोध आणि सध्याचा दिनक्रम यांविषयी आपल्या मासिकातून एकदाच सविस्तर लिहितो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलेन-बारे सिंड्रोम, म्हणजे ‘जीबीएस’ या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढू लागले. पुढे पुणे परिसरातील रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. त्यांत मी एक. त्या भागात नांदेड नावाचे एक गाव आहे. दूरदर्शनवर ‘नांदेड परिसरात रुग्ण’ असे ऐकून चुडाव्यात आईने आपल्या शेजारच्या नांदेड शहरातील भाचरांची काळजी केली, त्यांना पाणी उकळून प्यावयास सांगितले. आजार आपल्याच मुलास पुण्यात गाठून बसला आहे, हे तिला दुसऱ्या दिवशी कळले.

या आजाराचे वर्णन १९१६ साली फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांवरून केले होते. एखाद्या जंतूचा संसर्ग होतो. पुण्यातील काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला होता. त्या जंतूशी लढण्यासाठी उठलेली शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडते. विजेच्या तारेवर प्लास्टिकचे आवरण असते, तसे मज्जातंतूंवरही असते. पुष्कळ रुग्णांत आवरणच खराब होते व काही महिन्यांत पूर्ववत होते. माझ्या बाबतीत आतील तारही दुखावली. पाच दिवस शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले गेले, अकरा दिवस श्वास यंत्राने घेतला, आणि मार्चअखेर मी चाकांच्या खुर्चीतून घरी आलो.

दुखावलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो तो साधारण दिवसाला १ मिलिमीटर, असे डॉक्टरांनी सांगितले. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेला माणूस लगेच गुणाकार करतो. गुडघ्यापासून पाऊल ४० सेंटिमीटर धरले तर ४०० दिवस. आणि माल वाटेत गहाळ होणार नाही याची हमी नाही. आज डिसेंबर आहे. हात जवळजवळ परत आले आहेत. डावा पाय बरा आहे. उजवे पाऊल मात्र घोट्यापासून खाली लोंबते. ते वर उचलता येत नाही. म्हणून पोटरीपासून तळव्यापर्यंत प्लास्टिकची स्प्लिंट बांधतो आणि काठी घेऊन चालतो.

अनेक हितचिंतक विचारतात, ‘जयपूर फूट का बसवीत नाही?’ त्यांचा भाव मी जाणतो. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीचे काम १९७५ पासून चालू आहे, आणि आपल्यापैकी अनेकांनी तशा शिबिरांत पदरमोड करून सेवा केली आहे. परंतु तो पाय ज्याचा पाय गेला त्याच्यासाठी. माझा पाय आहे. त्याला निरोप पोहोचत नाही एवढेच.

लोकांना स्प्लिंट दिसते, म्हणून ते पायाविषयी विचारतात. खरे सांगायचे तर पायाने माझे जितके अडते, त्याहून अधिक थकव्याने अडते. हा थकवा झोपेने जात नाही. सकाळी दहाला मी तुमच्याइतकाच तरतरीत असतो. दुपारी तीन वाजता हात असे जड होतात, की ताटातील घास उचलण्यापूर्वी विचार करावा लागतो. जीबीएसमधून उठलेल्या पुष्कळांना हा थकवा वर्षानुवर्षे राहतो. तो कोणत्याही तपासणीत दिसत नाही, प्रमाणपत्रावर मोजला जात नाही, आणि नोकरीच्या मुलाखतीत सांगितला तर आळस वाटतो.

आणखी एक लहानशी गोष्ट. स्प्लिंट ही बुटात घालून चालण्याची वस्तू. आपली घरे, मंदिरे आणि दुकानातील गादी या तिन्ही ठिकाणी पादत्राणे उंबऱ्याबाहेर राहतात. बुटाशिवाय प्लास्टिकचा तळवा संगमरवरी फरशीवर घसरतो. दोनदा पडल्यानंतर मी दुसरी स्प्लिंट करून घेतली. तिच्या तळाला रबर लावलेले आहे आणि ती रस्त्यावर कधीच टेकत नाही. मंदिरात जाताना दारातील बाकावर बसून मी स्प्लिंट बदलतो. आमच्या मंदिरातील ज्येष्ठांनी ते बाक स्वतः होऊन तेथे ठेवले. मी मागितले नव्हते.

आता नोकरीविषयी. पुण्यात मी एका खाजगी आस्थापनेत हिशेब विभागात बारा वर्षे काम करीत होतो. रजा संपली आणि नोकरीही संपली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही, त्याला झेपणारे दुसरे काम द्यावे लागते. परंतु ते कलम शासकीय आस्थापनांना बांधते. खाजगी मालकास कायदा उत्तेजन देतो, सक्ती करीत नाही. शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के राखीव जागा आहेत, त्यांपैकी माझ्यासारख्या हालचालींच्या अपंगत्वासाठी १ टक्का. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते.

ते मला ऑक्टोबरमध्ये मिळाले. परभणीच्या वैद्यकीय मंडळाने स्नायूंची ताकद मोजली, घोट्याचा कोन मोजला, आणि ४५ टक्के लिहिले; तेही तात्पुरते, दोन वर्षांनी पुन्हा तपासणी. कार्डाचा रंग पिवळा. मनात एक विचित्र हिशेब तेव्हापासून सुरू झाला आहे. पाऊल थोडे सुधारले तर मी ४० च्या खाली येईन, एस. टी. प्रवासातील ७५ टक्के सवलत जाईल आणि राखीव जागेवरील अर्जही बाद होईल. पण थकवा तसाच राहिला तर दहा तासांची नोकरी करता येणार नाही ती नाहीच. म्हणजे कागदावर सक्षम आणि कामावर अक्षम. फिजिओथेरपीसाठी मी आठवड्यातून तीनदा पॅसेंजरने नांदेडला जातो, आणि फलाट व डब्याची पायरी यांमधील अंतर काठीने मापताना हा हिशेब दर वेळी डोक्यात येतो. व्यायाम मात्र मी टाळीत नाही.

एप्रिल ते डिसेंबर या काळात एकतीस ठिकाणी अर्ज केले. सात ठिकाणांहून बोलावणे आले. एका कार्यालयाचा जिना अरुंद होता व उद्वाहन नव्हते. मी वर पोहोचलो तेव्हा माझी वेळ टळून गेली होती. एका ठिकाणी माझ्या कामाविषयी एकही प्रश्न न विचारता ‘घरचे दुकान असताना तुम्हाला नोकरीची गरज काय?’ असे विचारण्यात आले. पडद्यावरून झालेल्या मुलाखतीत पाय दिसत नाही. तेथे सांगावे की न सांगावे, यावर मी व पत्नीने बराच वाद घातला. मी सांगतो. नंतर कळून गैरसमज होण्यापेक्षा आधी नकार बरा, असे माझे मत आहे. पत्नीचे मत अजूनही निराळे आहे.

ती स्वतः जूनपासून पूर्णा येथील एका खाजगी शाळेत शिकवते. रोज सकाळी गाडीने जाते. तिला नोकरीची गरज काय, असे घरात कोणी विचारले नाही. मला मात्र मुलाखतीतला तोच प्रश्न घरीही ऐकावा लागला.

आमचे किराणा-भुसाराचे दुकान आजोबांच्या काळापासूनचे. दादा ते चालवितात. मी घरी आलो त्याच आठवड्यात त्यांनी गादीवर माझ्यासाठी पाठीला टेकायला लोड आणि पाय पसरायला जागा केली. ‘तू फक्त बस,’ ते म्हणाले. मी बसलो. चहा वेळेवर येई. ग्राहक ‘धाकटे सावकार, तब्येत कशी आहे?’ विचारीत. पण वही माझ्याकडे कधी आली नाही, तिजोरीची किल्ली आली नाही, आणि महिनाअखेर कोणी हिशेब विचारला नाही. माझ्या हातून एखादा आकडा चुकला असता तरी दादा काही न बोलता तो रात्री दुरुस्त करीत.

ज्या घरांत अशी माणसे आहेत, आणि आपल्या समाजात ती पुष्कळ घरांत आहेत, त्यांच्यासाठी म्हणून हे लिहितो. आमच्या घरातील प्रेमाविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु व्यापारी घरात ज्याला कोणी हिशेब विचारीत नाही, तो माणूस त्या घरात पाहुणा असतो. चार महिने मी आपल्याच दुकानात पाहुणा होतो.

याच काळात नातेवाईक मला धीर देणाऱ्या चित्रफिती पाठवीत. सुधा चंद्रन यांचे नृत्य, अरुणिमा सिन्हा यांचे २०१३ मधील एव्हरेस्ट आरोहण. एका काकांनी पंडित सुखलालजींचा दाखला दिला: सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात दृष्टी गेली आणि तरी दर्शनशास्त्राचे केवढे काम त्यांनी उभे केले. या सर्वांविषयी मला नितांत आदर आहे. पण मला एव्हरेस्ट चढायचे नव्हते. दुसऱ्या मजल्यावरील कार्यालयाचा जिना चढून तेथे पगारावर बसायचे होते. आणि सुखलालजींबद्दल बोलताना आपण एक गोष्ट विसरतो, की त्यांना ग्रंथ वाचून दाखविणारी माणसे सतत लाभली, आणि ती माणसे त्यांच्याकडून काम अपेक्षीत असत.

दशलक्षण पर्व चालू असतानाच, ३ सप्टेंबर रोजी, जीएसटी परिषदेने नवे दर जाहीर केले. २२ सप्टेंबरपासून ते लागू झाले. अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल १८ वरून ५ टक्क्यांवर. तूप १२ वरून ५ वर. खाकरा ५ वरून शून्यावर. कपडे धुण्याची पावडर मात्र होती तेथेच. आमच्या संगणकात साडेआठशे वस्तू होत्या. दादांचा हिशेबनीस पावसाने पलीकडच्या गावी अडकलेला. मी म्हणालो, ‘दादा, हे मी करतो. पण रात्री तुम्ही तपासायचे नाही. चुकले तर सकाळी मला विचारायचे.’ ते काही क्षण माझ्याकडे पाहत राहिले आणि मग उठून किल्ली माझ्यासमोर ठेवली.

काम मी सकाळी दहा ते दोन असे बारा दिवसांत पुरे केले. जुन्या साठ्यावर १८ टक्के कर भरलेला, विक्री आता ५ टक्क्यांनी. मग भरलेल्या कराची वजावट बुडते का, हा त्या दिवसांत प्रत्येक दुकानदाराच्या तोंडी असलेला प्रश्न. ती बुडत नाही. हे मी दोघा-तिघांस समजावून सांगितले, आणि पूर्णा येथील एका व्यापाऱ्याने आपलाही संगणक माझ्याकडे पाठविला. मग आणखी दोन आले.

मी शुल्क सांगितले तेव्हा दादा संकोचले. ‘आपल्याच लोकांकडून पैसे घ्यायचे?’ मी विचारले, ‘आपण त्यांना साखर फुकट देतो का?’ यावर आई आतून हसली. तो विषय तेथेच संपला. आज माझ्याकडे सहा दुकानांचे मासिक हिशेब आहेत, दरमहा प्रत्येकी पंधराशे रुपये. यात पुण्याच्या पगाराचा तिसरा हिस्साही येत नाही. शिवाय सप्टेंबरच्या अतिवृष्टीने या भागातील सोयाबीन पाण्यात गेले, दुकानांची उधारी थकली, आणि उधारी थकली की हिशेबनिसाचे शुल्क सर्वांत शेवटी मिळते. दोघांचे दोन महिन्यांचे येणे आहे.

म्हणून अर्ज करणे मी थांबविलेले नाही. नांदेडच्या एका आस्थापनेशी अर्ध्या दिवसाच्या कामाविषयी बोलणी चालू आहेत. कार्यालय तळमजल्यावर आहे आणि मालकांनी पहिलाच प्रश्न ‘तुम्ही किती वाजेपर्यंत नीट काम करू शकता?’ असा विचारला. मी दोन म्हणालो. ते विचार करून कळवितो म्हणाले. दादांनी दुकानाच्या पायरीला उतरंड करून घेतली आहे. आता पोत्यांची हातगाडीही तिच्यावरून येते, त्यामुळे हमाल माझ्यावर विशेष खूश आहेत. पावसाळ्यानंतर उजव्या पायाचा अंगठा किंचित हलू लागला आहे. फिजिओथेरपिस्ट त्याला चांगले लक्षण म्हणतात. मी अजून जमाखर्चात धरलेले नाही.

वाचकांपैकी ज्यांची हिशेबाची कामे माझ्याकडे आहेत, त्यांच्या माहितीसाठी: ३बी विवरण २० तारखेपर्यंत भरावयाचे आहे आणि दोन दुकानांची खरेदी बिले अद्याप आलेली नाहीत. ती कृपया सकाळी पाठवावीत. दुपारी दोननंतर आलेल्या कागदांस मी दुसऱ्या दिवशी हात लावतो.