शिस्त

खालाचा इंग्लंडहून फोन येतो तो बहुधा रविवारी दुपारी. सलाम-दुआ, गावातली लग्ने, यंदा आंबा कसा आहे, एवढे झाले की ती फोन ठेवते. दोन वर्षांपूर्वी मात्र सलाम घेतला न घेतला तोच म्हणाली, ‘‘तू मास्तर आहेस. तुझे तो ऐकतो, त्याला समजाव. रायफल घेतली तेव्हा मी गप्प बसले. आता तिच्यावर लावायला दुर्बीण घेतोय!’’

‘तो’ म्हणजे माझा मावसभाऊ. कोकणातली आमची निम्मी बिरादरी परदेशी, तसे खालाचे घरही तिकडेच रुजले. लंडनजवळ सरे परगण्यात बिस्ली नावाचे गाव आहे. तिथल्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या मैदानावर १८९० पासून नेमबाजी चालते. पालथे पडून, रायफल दोन पायांच्या टेकूवर ठेवून, हजार यार्डांवरच्या कागदी निशाणावर नेम धरायचा. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर, जवळपास एक किलोमीटर! या प्रकाराला एफ-क्लास म्हणतात आणि त्यात दुर्बीण चालते.

खालाला कशाची भीती वाटत होती, हे मी विचारले नाही. विचारायची गरजही नव्हती. आपल्या नावाचा मुलगा आणि हातात रायफल! तिथल्या पोलिसांनी चौकशी करून रीतसर परवाना दिला होता. घरी येऊन कुलपाचे लोखंडी कपाट तपासले होते आणि खालानेच त्यांना चहा पाजला होता. तरी भीती ती भीतीच.

आणि मी तरी कोण मोठा शूर? दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मोबाइलवर ‘रायफलीची दुर्बीण’ म्हणून शोधले, चार पाने वाचली आणि मग तो सगळा शोध पुसून टाकला. ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण वर्गात समजावून सांगणारा मी!

रात्री भावाला फोन लावला, समजावायलाच. पण तो म्हणाला, ‘‘भाईजान, लहानपणी सुट्टीत तुम्हीच मला कोन शिकवले होते. आता एवढे गणित सांगा.’’ आणि मी फसलो.

गणित होते दकीक्याचे. एका अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट, उर्दू शाळेत आम्ही त्याला दकीका म्हणतो. एवढासा कोन, पण हजार यार्डांवर तो सुमारे साडेदहा इंच रुंद होतो. निशाणावरचे पाच गुणांचे वर्तुळही साधारण तेवढेच. दुर्बिणीचे बटण फिरवले की टकटक करत नेम सरकतो. एका टकटकीत पाव मिनिट सरकला तर तिथे अडीच इंचांहून जास्त फरक पडतो, अष्टमांश सरकला तर सव्वा इंच. म्हणून बारीक टकटकीची दुर्बीण बरी. शिवाय त्याच्या रायफलीची गोळी तिथे पोचेपर्यंत इतकी खाली येते, की शंभर यार्डांच्या नेमापेक्षा सुमारे तीस मिनिटे वर धरावे लागते. तेवढे सरकायला आत जागा हवी. डोके किंचित हलले की निशाणावरची फुली हलल्यासारखी दिसते. तो दोष घालवायला बाजूला वेगळे बटण हवे. आणि वजन? त्याच्या गटात रायफल, टेकू, दुर्बीण मिळून सव्वाआठ किलोंच्या वर जाता येत नाही.

हे सारे जमले. अडले ते एका गोष्टीवर. त्याला साठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण हवी होती. मी अदसा, म्हणजे भिंग, शिकवतो. (अरबीत अदस म्हणजे मसूर, भिंगाचा आकारही तसाच!) मी हिशेब मांडला. पुढचे भिंग ५६ मिलिमीटरचे. त्याला साठने भागले तर डोळ्यापाशी येणारा प्रकाशाचा ठिपका एक मिलिमीटरही भरत नाही. चित्र काळवंडणार, डोळा केसभर हलला तरी नाहीसे होणार. त्याच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्याने त्याला याहून मोठी गोष्ट सांगितली होती. उन्हात जमिनीवरून हवा लहरत असते. दुर्बीण निशाण मोठे करते तशी ती लहरही मोठी करते. साठ पटीवर कागद पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. पट कमी केली की कागद स्थिर होतो आणि लहर कुठे वाहते त्यावरून वाराही कळतो.

फोन ठेवल्यावर मला खाला आठवली, आणि स्टाफरूममधला मीही. आम्ही दोघे त्या पोराकडे साठ पटीनेच तर पाहत होतो!

अखेर त्याने आठ ते बत्तीस पटीची दुर्बीण घेतली. २०२४ साली पॅरिसला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने रायफलीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याचा आनंदाने फोन आला. त्या प्रकारात दुर्बीण नसते, साध्या बारीक छिद्रातून पाहायचे असते, हे त्यानेच मला सांगितले.

त्या वर्षी दहावीला मी दकीका शिकवला तो याच उदाहरणाने. पण ‘रायफल’ शब्द गाळला, नुसते ‘दुर्बीण’ म्हटले. उर्दूत शिस्त बांधणे म्हणजे नेम धरणे. मराठीत शिस्त म्हणजे काय ते सर्वांना ठाऊक आहे. दोन्ही भाषा येणाऱ्या माझ्या मुलांना ही गंमत सांगायची होती, तीही राहून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात खाला डबा घेऊन त्याच्याबरोबर बिस्लीला गेली. त्याने गोळ्या काढून रायफल रिकामी केली आणि तिला दुर्बिणीतून पाहायला लावले. रविवारी तिचा फोन आला.

‘‘अरे, त्यात तर नुसता कागद दिसतो.’’

‘‘मग काय दिसेल वाटले होते, खाला?’’

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘आंबा कसा आहे यंदा?’’

यंदा कोनाचा धडा आला तेव्हा फळ्यावर मी आधी ‘शिस्त’ लिहिले. त्याखाली ‘रायफल’.