आम्ही रदबदली करावयास गेलो

तपासणीस येणारा मनुष्य कोणासच आवडत नाही. आमच्या धर्मग्रामास बिशपस्वामींची भेट ठरली म्हणजे आम्हीही आठवडाभर आधी बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या काढून बसतो, राहून गेलेल्या सह्या करतो आणि मनातल्या मनात म्हणतो, ‘आमच्यावर एवढाही विश्वास नसावा काय?’ तेव्हा दवाखान्याच्या तपासणीचे नाव काढताच कोणाच्या कपाळास आठ्या पडल्या, तर त्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. किंबहुना गेल्या पावसाळ्यात याच बाबतीत आमच्या हातून जी चूक घडली, तीच आज वाचकांपुढे मांडावी असे आम्ही योजिले आहे.

आमच्या बालाघाट जिल्ह्यातील एका गावी एक वृद्ध डॉक्टर आहेत. गावाचे व त्यांचे नाव येथे देत नाही. गोंदिया किंवा नागपूर गाठण्याची ज्यांची ऐपत नाही, अशा मजुरांना व शेतकऱ्यांना त्यांचाच आधार. रात्रीअपरात्री ते दार उघडतात. हाती पैसा नसेल तर धान निघेपर्यंत थांबतात. मध्यप्रदेशात खाजगी दवाखान्यांची नोंदणी व परवाना 1973 सालच्या राज्याच्या कायद्यान्वये होत असतो. त्यासंबंधात जिल्ह्याहून पथक येणार असे कळताच गावची चार मंडळी आमच्याकडे आली. “फादर, आपण दोन शब्द बोललात तर डॉक्टरसाहेबांना त्रास होणार नाही,” असे त्यांचे म्हणणे. आम्हांसही ते पटले. सज्जनाची बाजू घेणे यात गैर ते काय? आम्ही गेलो, आणि खरे सांगावयाचे तर थोड्या अभिमानानेच गेलो.

पथकाच्या प्रमुख एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी आमचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले, आणि मग म्हणाल्या, “फादर, डॉक्टरसाहेब चांगले आहेत याविषयी मला शंकाच नाही. आपण जरा माझ्याबरोबर आत येता का?”

आत चार रंगांची नवीकोरी भांडी मांडलेली होती. दवाखान्यातील कचऱ्याविषयीच्या 2016 सालच्या नियमांप्रमाणे रक्तापुवाने माखलेला कापूस व पट्ट्या पिवळ्यात, प्लॅस्टिकच्या नळ्या तांबड्यात, सुया व पाती न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्यात टाकावयाची असते. भांडी नवी होती, पण तांबड्या बादलीत नळ्यांबरोबर सुयाही पडलेल्या होत्या. ती बादली रोज उचलणाऱ्या बाईच्या हातांत मोजे नव्हते.

नंतर त्यांनी फ्रीज उघडला. लशी 2 ते 8 अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवावयाच्या असतात आणि तपमानाची नोंद दिवसातून दोनदा करावयाची असते. तेथे नोंदवही नव्हती. बाईंनी स्वतःबरोबर आणलेला तापमापक आत ठेवला. काही वेळाने पाहिले तो 14 अंश! रात्री वीज जाते, सकाळी येते. फ्रीज पुन्हा गार होतो. मधल्या वेळी काय झाले ते कोणास ठाऊक नसते. बाईंनी एक कुपी उचलली आणि त्या म्हणाल्या, “ही पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस. हिची शक्ती उतरली आहे की नाही, हे नुसते पाहून मलाही सांगता येणार नाही. ज्याच्या मुलाला ही टोचली त्याला मात्र वाटेल की आपले मूल वाचले.”

वाचकहो, त्या क्षणी आमच्या पायांखालची जमीन सरकली. दहाच दिवसांपूर्वी आमच्या मंदिरात घंटा वाजविणाऱ्या गृहस्थांच्या नातवास कुत्रे चावले होते. त्यास या दवाखान्यात आणणारे आम्हीच! ‘जिल्ह्याला कशाला जाता? येथे आपले डॉक्टरसाहेब आहेत,’ असे त्याच्या आईस सांगणारेही आम्हीच! आणि हा रोग एकदा अंगावर उठला म्हणजे त्यातून मनुष्य बहुधा वाचत नाही, हे आम्ही जाणून होतो.

त्याच दुपारी आम्ही त्या मुलास बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयात घेऊन गेलो. तेथे लशीचा क्रम पहिल्यापासून पुन्हा सुरू झाला. आज तो मुलगा सुखरूप आहे. पहिली लस निकामी झाली होती की नव्हती, हे कधीच कळणार नाही. परंतु पुढचे काही आठवडे त्याला साधा ताप आला तरी त्याच्या आईच्या तोंडाकडे पाहणे आम्हांस जड जाई.

या प्रसंगाने आम्हांस एक गोष्ट शिकविली. सज्जनपणाने फ्रीज गार राहत नाही. डॉक्टरांचा कनवाळूपणा खरा होता. पण तपमान मोजावे लागते, आणि ते त्यांनी मोजले नव्हते. रोग्यास यातले काहीच पडताळून पाहता येत नाही. तो केवळ विश्वासाने दंड पुढे करतो. त्याच्या वतीने कोणीतरी पाहावयास हवे, आणि जो पाहतो तोच तपासनीस. त्यास अडविणे म्हणजे रोग्याचे डोळे बांधणे होय. आम्ही डॉक्टरांसाठी रदबदली करावयास गेलो होतो. त्या बाई रोग्यासाठी रदबदली करीत होत्या.

जी वैनगंगा आमच्या बालाघाटावरून वाहते तीच पुढे भंडाऱ्यास जाते. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे तेथील जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागली. 17 बालके होती. 7 वाचली, 10 गेली. तेथील अग्निसुरक्षेची व्यवस्था अपुरी होती, हे पुढे उघडकीस आले. आग लागण्यापूर्वी पाहावयाचे ते पाहिले गेले नाही म्हणजे काय होते, हे सांगावयास याहून दुसरे उदाहरण नको.

तपासणीही कधीकधी नुसता देखावा होते, हे आम्ही नाकारीत नाही. आदल्या दिवशी पडदे धुवावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न! त्या नव्या बादल्या अशाच आल्या होत्या. याकरिताच सरकारी रुग्णालयांसाठी 2013 साली जी राष्ट्रीय गुणवत्ता मानके ठरली, त्यांत परीक्षकाने चार प्रकारे पाहावे असे सांगितले आहे : स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, कर्मचाऱ्यांस विचारणे, दप्तर तपासणे आणि रोग्यांशी बोलणे. 2015 पासून चालू असलेल्या ‘कायाकल्प’ योजनेत तर एका रुग्णालयाचे लोक दुसऱ्याची पाहणी करतात. बादली एका दिवसात विकत आणता येते. तीन महिन्यांची तपमानाची नोंद एका दिवसात प्रामाणिकपणे आणता येत नाही.

दवाखाना बंद झाला असता तर तीच गरीब माणसे एखाद्या झोलाछाप वैद्याच्या दारी गेली असती, हेही खरे. पथकाने तो बंद केला नाही. दोष लेखी दिले, सुधारणेस मुदत दिली आणि नंतर पुन्हा येऊन पाहिले. आता फ्रीजच्या दारावर वही टांगलेली आहे व सकाळ-संध्याकाळ तीत आकडा पडतो. परवा डॉक्टरसाहेब आम्हांस म्हणाले, “फादर, आपण मला वाचवायला आला होता, पण वाचवले त्या बाईंनी.”

वाचकांस आमची एवढीच विनंती. कुत्रे चावल्यास प्रथम जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवा, आणि लगेच लस घ्यावयास जा. सुई पाकिटातून आपल्यासमोर काढली काय, कुपीवरील मुदत संपली नाही ना, फ्रीजची नोंद ठेवलेली आहे काय, हे नम्रपणे विचारा. चांगल्या डॉक्टरास त्याचा राग येणार नाही. आणि तपासणीचे पथक रोग्यांशी बोलू लागले तर भिडेपोटी सर्व ठीक आहे म्हणू नका. जे पाहिले तेच सांगा. आमच्यापुरते म्हणाल तर बिशपस्वामींची भेट पुढील महिन्यात आहे. या खेपेस आम्ही नोंदवह्या आधी सजवून ठेवणार नाही. जशा आहेत तशाच त्यांच्यापुढे ठेवू.