रक्तात आलेलं

लहानपणी दादरच्या शिवाजी मंदिरात रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ पाहताना चिंची चेटकिणीच्या भीतीनं मी बाबांचा दंड घट्ट धरून बसले होते. शेवटी चेटकिणीची फजिती झाली आणि आम्ही निर्धास्त मनानं वडे खायला बाहेर पडलो. जे काही वाईट होतं, ते रंगमंचावरच राहिलं होतं.

घरचं मात्र वेगळं होतं. आमच्याकडे संताप पिढीजात. आजोबांच्या नुसत्या खाकरण्यानं वाडा चिडीचूप व्हायचा. बाबांचा राग चढू लागला की आधी नाकाचा शेंडा लाल व्हायचा, मग पुढ्यातलं ताट सरकायचं. मी चिडले की आजी माझ्या नाकाकडे निरखून बघायची आणि म्हणायची, “अगदी बापाच्या वळणावर गेलीय पोर. खाण तशी माती!” तिच्या आवाजात कौतुकच असे, पण माझ्या पोटात खड्डा पडायचा. चेटकिणीला हरवायला अलबत्या होता. नाकाच्या शेंड्यावर बसलेल्याला कोण हरवणार?

पुढे मुलांची नाट्यशिबिरं घेऊ लागले, तेव्हा क्वेबेकच्या नाटककार सुझान लबो यांचं ‘लोग्रले’ वाचनात आलं. १९७५ साली त्यांनी जर्व्हे गोद्रो यांच्याबरोबर ‘ल कारूसेल’ ही मुलांसाठी नाटकं करणारी संस्था उभी केली. ‘लोग्रले’ १९९७चं. यातला राक्षस मारला जात नाही, कारण तोच नायक आहे. माणसं खाणाऱ्या राक्षसाचा हा सहा वर्षांचा मुलगा. जंगलातल्या घरात आई त्याला मळ्यातल्या भाज्यांवर वाढवते. लाल रंगाला घरात थारा नाही, बापाचं नाव नाही. मग शाळा सुरू होते. वर्गात सगळ्यांपेक्षा धिप्पाड असलेल्या या मुलाला ताज्या रक्ताची ओढ जाणवते, आणि आईला खरं सांगावंच लागतं. त्या ओढीतून सुटायचं तर तीन परीक्षा: आधी कोंबड्याबरोबर, मग लांडग्याबरोबर आणि शेवटी एका लहान मुलाबरोबर कोंडून राहायचं, भूक आवरायची. दर वेळी मुदत वाढत जाते.

मला त्या आईची माया पटते. पण तिनं कितीही लाल रंग पुसला, तरी परीक्षा त्यालाच द्यायची होती, आणि ती देण्यासाठी आपण कोणाचे आहोत हे त्याला ठाऊक हवं होतं.

शिबिरात ही गोष्ट सांगितली तेव्हा पालकांना ती फार भयंकर वाटली. मुलांना वाटली नाही. एका मुलानं विचारलं, “पास झाल्यावर त्याची भूक गेली, की त्याला थांबता यायला लागलं?”

माझ्या मुलाशी मी आता याच प्रश्नावर बोलते. आपल्या घरात हा राग आहे, आजोबांना होता, मला आहे, तुझ्यातही आलाय, हे त्याला सरळ सांगते. तो चढायला लागला की कानशिलं तापतात, तेव्हा खोलीबाहेर जायचं, हेही सांगते. तो जातो. कधी दार आपटून जातो, पण जातो.

राक्षस हरल्याचा आनंद मुलांना जरूर मिळावा. त्याबरोबरच ज्यात राक्षस त्यांच्याच वयाचा आहे आणि स्वतःला आवरायला शिकतो आहे, अशी नाटकंही मराठीत अधिक व्हायला हवीत. मुलांना ती पेलतात.