ढगांतला रायगड

आम्ही दरवर्षी वर्गात १६७४ चा राज्याभिषेक शिकवतो, पण रायगड कधी पाहिला नव्हता. आमच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत आणि घरात कुणाला सवड नाही. "एकटीच जाणार?" अम्मींनी विचारले. कुरआनात जमिनीवर फिरून आधीच्यांचा अंजाम पाहायला सांगितले आहे, एवढेच आम्ही म्हणालो आणि जुलैत भिवंडीहून महाड गाठले.

हिरकणीवाडीहून रोपवेचा पाळणा सुटला. चौदाशेहून अधिक पायऱ्यांची चढण चार-पाच मिनिटांत संपते. अर्ध्यावर ढगांनी दरी झाकून टाकली. समोरच्या आजींनी आमच्या बुरख्याकडे पाहिले आणि सरकून जागा दिली. "घाबरू नका बाई, बसा माझ्याजवळ." वर दहा पावलांपलीकडचे दिसेना. नगारखाना, बाजारपेठेची जोती, शेवटी समाधी, एकेक करून धुक्यातून समोर आले. आजी प्रत्येक ठिकाणी आमच्यासाठी थांबल्या.

पायऱ्यांच्या वाटेवर मदारमोर्चा लागतो. तिथे मदनशहांची कबर आहे. रोपवेने जाणाऱ्याला ती दिसत नाही, म्हणून ती वाट आम्ही आता फळ्यावर काढून दाखवतो. पोरांचे गुडघे मजबूत आहेत. त्यांनी चालत चढावे, कबरीला सलाम करावा आणि वर समाधीपाशीही अदबीने उभे राहावे.