तातडीची चिठ्ठी

८ एप्रिल २०२५, मंचर

आईच्या डाव्या गालाच्या आत, दाढेला लागून जखम आहे. शेंगदाण्याएवढी, कडा पांढुरक्या आणि उचललेल्या. महिनाभर ती ‘तोंड आलंय’ म्हणत तूप लावत होती. आज दातांच्या डॉक्टरांनी हातमोजा चढवून आत बोट फिरवलं, जबड्याखाली, मानेला चाचपून पाहिलं आणि मुकाट्याने चिठ्ठी लिहायला घेतली. पुण्याला दाखवा, तुकडा काढून तपासावा लागेल. त्याखाली दोन रेघा ओढून: तातडीने.

आई बाहेर चपला घालत होती तेव्हा ते मला म्हणाले, “तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही की तपासायलाच हवी. घाई तपासणीची आहे. तो आजार आहेच, असं मी म्हटलेलं नाही.” एसटीत हे वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

दादाचा फोन आला. “आईला यातलं काही कळू द्यायचं नाही.” मी बरं म्हणाले.

११ एप्रिल, पुणे

आज महात्मा फुले जयंती. त्यांच्याच नावाच्या जनआरोग्य योजनेच्या खिडकीपाशी तसबिरीला झेंडूचा ताजा हार होता. आरोग्यमित्राने रेशनकार्ड आणि आधार पाहून घेतलं. “रिपोर्ट आला की पुढचं बघू, कागद एकत्र ठेवा,” म्हणाला. तेवढ्यानेही बरं वाटलं. कागद लावायचं काम तरी हाताला मिळालं.

जागा बधिर करून जखमेच्या कडेचा तुकडा काढला, तांदळाच्या दाण्याएवढा. पाण्यासारख्या दिसणाऱ्या औषधात तो तळाशी जाऊन बसला. बाटलीवर नाव चिकटवताना आई वाकून बघत होती.

“कधी कळंल?”

“आठ-दहा दिवस धरा आजी, मध्ये सुट्ट्या आहेत.”

येताना चाकणला तासभर गाडी हलली नाही. आई गालाला पदर लावून बसली होती. आम्ही दोघी फक्त उन्हाळ्याबद्दल बोललो. दादा तिला गावी घेऊन गेला.

१३ एप्रिल, नारायणगाव

रात्री दोन वाजता फोनवर वाचत बसले आणि वाचून आणखी घाबरले. पहिल्याच पानावर शेवटच्या अवस्थेचे फोटो. उठून अंगणात दोन फेऱ्या मारीन म्हटलं, पण इथे बिबट्यामुळे रात्रीचं दार उघडायची सोय नाही. मागे उसाचं रान आहे. घरातल्या घरात, भिंतीपासून भिंतीपर्यंत चालले.

शेजारच्या काकूंना कसं कळलं कोण जाणे. सकाळी येऊन म्हणाल्या, “पवारसाहेबांना बघ, २००४ साली तोंडाचं ऑपरेशन झालं, अजून फिरतायत.” दुपारी त्यांचा मुलगा २०१५ साली याच आजाराने गेलेल्या आर. आर. आबांची आठवण काढून हळहळला. एकाच घरातून मला दोन्ही टोकं मिळाली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण माझ्या आईबद्दल या दोन्ही गोष्टी काहीच सांगत नाहीत.

१५ एप्रिल

काल आंबेडकर जयंतीची सुट्टी. आज लॅबला फोन लावला. वाटलं होतं खेकसतील. पण फोन घेणारा मुलगा शांत होता. मी सरळ विचारलं, एवढ्याशा तुकड्याला इतके दिवस का लागतात?

त्याने नीट सांगितलं. तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये पुरता मुरावा लागतो. मग अल्कोहोलमधून काढून त्यातलं पाणी घालवायचं, आत मेण भरायचं, मेणाची वडी करायची. त्या वडीचे तीन-चार मायक्रॉनचे काप घ्यायचे. केसाच्या जाडीचे वीस भाग केले तर एक भाग येईल, तेवढे. काचेवर घेऊन निळ्या-गुलाबी रंगात रंगवायचे, मग डॉक्टर बघणार. शंका आली तर आणखी काप, आणखी रंग. “घाई केली तर काप नीट येत नाहीत, मॅडम. आणि चुकीचं कळण्यापेक्षा उशिरा कळलेलं बरं.”

आज दुपारी चौथीचे पेपर तपासून झाले. आठवड्यात पहिल्यांदा बेरीज चुकली नाही.

२० एप्रिल, गाव

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आहुप्याच्या वाटेवर आमचं घर. बाळहिरडा सुरू झालाय. दादा झाडावर, वहिनी खाली वेचायला, आई अंगणात वाळवायला. हिरवा हिरडा दोन-तीन उन्हांत सुरकुततो, काळा पडतो. आई मूठभर उचलून कानाशी खुळखुळवते. आवाजावरून तिला समजतं. ओला भरला तर पोत्यात बुरशी धरते.

मी शेजारी बसून हिरडा उलथत होते. ती खाली बघतच म्हणाली, “ती जखम साधी न्हाय ना?”

मी विचारलं, कोणी सांगितलं?

“कुनी कशाला? तू मिसरीवरून बोलायची थांबलीस.”

वीस वर्षं मी त्या डबीवरून तिच्याशी भांडले. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि सकाळ-दुपार-रात्र बोटाने दातांना घासायची. लग्नाच्या आधीपासूनची सवय. आणि या बारा दिवसांत मी चकार शब्द काढला नव्हता. मला वाटलं, मी तिला जपतेय. ती मात्र तितकेच दिवस एकटीच हे ओळखून बसली होती. दादाला मी बरं म्हणायला नको होतं.

मग सगळं सांगितलं. चिठ्ठीवरचा शब्द, मेणाची वडी, काप, रंग. तिने मध्येच विचारलं, “म्हंजे तिथं बी मुरायला ठेवलंय?” हो म्हटलं. तिने मान हलवली आणि पुढची रांग उलथायला घेतली.

संध्याकाळी डबी माझ्या हातात दिली. डॉक्टरांनी बंद सांगितल्यापासून उघडली नव्हती, पण उशाशी होती. तेव्हापासून डोकं दुखतंय, पोट साफ होत नाही, हे तिने आज सांगितलं. तर्जनीच्या नखाखालची काळी रेघ अजून आहे, मुळाशी मात्र नख स्वच्छ आलंय.

२२ एप्रिल

मेसेज आला: रिपोर्ट तयार आहे, रुग्णाला घेऊन यावे. ‘रुग्णाला घेऊन’ या शब्दांनी दादा खचला. मी लॅबच्या त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, सगळ्यांना हाच मेसेज जातो.

२३ एप्रिल, पहाटे

घोडेगाव स्टँड. पहिल्या गाडीला वेळ आहे. आई विचारते, कागदात काय काय असू शकतं? मी तिची बोटं धरून सांगते. नुसती जखम असेल. नाहीतर पुढे जाऊन बिघडू शकेल अशी जागा असेल, ती काढून टाकतात. नाहीतर कॅन्सर.

तिसरं बोट तिने धरून ठेवलं. “हे असलं तर?”

“तर पुण्यात, नाहीतर मुंबईला, परळच्या टाटात. आधी ऑपरेशन, गरज पडली तर शेक. मी असेन.”

ती जरा वेळ गाडीच्या वाटेकडे बघत राहिली.

“दादाला फोन लाव. म्हनावं, दुपारी हिरडा उलथ, आन् रात्रीचा झाकून ठेव.”