सामू, हिशेबात पाणी राहू दे

प्रिय सामू,

अकरावी-बारावीच्या मुलांची आणि तुझी गाठ बहुतेकदा एका सूत्रातूनच पडते. हायड्रोजन आयनांची संहती घ्यायची, तिचा लॉगॅरिदम काढायचा, चिन्ह बदलायचे, की तू हजर. प्रवेश परीक्षेच्या घाईत एवढ्यावर भागतेही. पण तू आकडा होण्याआधी पाण्यात जे काही घडते, ते या घाईत मुलांना दिसतच नाही, आणि मला त्याचे खरोखर वाईट वाटते.

1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसन विकरांवर काम करत होते. आम्लता जराशी बदलली तरी विकरांचा वेग बदलतो, आणि त्या आम्लता लिहायच्या म्हणजे दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग. सोरेनसननी त्यातला घातांक तेवढा उचलला. सोय मोठी झाली. फरक मात्र लहान दिसू लागले. रक्ताचा सामू 7.4 वरून 7.1 वर आला, तर कागदावर 0.3 चीच घट दिसते. रक्तात तेव्हा हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात, आणि रुग्णाची अवस्था गंभीर असते.

माझे सर्वांत आवडते गणित सांगते. हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रावण, संहती 10⁻⁸ मोलार. सूत्रात घातले की उत्तर येते 8. म्हणजे आम्ल टाकले आणि पाणी आम्लारिधर्मी झाले! इथे मुले थबकतात, आणि ते थबकणे मला फार मोलाचे वाटते. लॉगॅरिदम बरोबरच असतो, हिशेबातून पाणी सुटलेले असते. शुद्ध पाण्याचेही थोडे विचरण होते. 25 अंश सेल्सिअसला त्यात हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन प्रत्येकी 10⁻⁷ मोलार असतात, आपण टाकलेल्या आम्लाच्या दसपट. शिवाय दोन्ही संहतींचा गुणाकार 10⁻¹⁴ च राहायला हवा, म्हणून आम्ल आल्यावर पाणी स्वतःचे विचरण थोडे आवरते. हे सगळे धरून वर्गसमीकरण सोडवले की तू येतोस 6.98, सातच्या किंचित खाली. (सातसुद्धा अढळ नाहीच; 37 अंशांना उदासीन पाण्याचा सामू सुमारे 6.8 असतो.)

सौम्य आम्लाच्या गणितात छेदातला ‘क्ष’ सोडून द्यायला आम्ही शिकवतो. का सोडायचा, हे मात्र नेहमी सांगतोच असे नाही. 0.1 मोलार ॲसेटिक आम्लात शंभरातले जेमतेम 1.3 रेणू विचरित होतात, म्हणून तिथे तो सोडला तरी चालते, सामू 2.87 येतो. तेच आम्ल 10⁻⁵ मोलारपर्यंत विरल केले आणि तीच युक्ती वापरली, तर मूळ आम्लापेक्षा जास्त हायड्रोजन आयन मिळतात. अशक्य गोष्ट! वर्गसमीकरण सोडवले की कळते, आता शंभरातले सुमारे 72 रेणू विचरित झालेले आहेत. आम्ल सौम्य राहिले, पण पाणी वाढल्याने समतोल सरकला. युक्ती कुठवर चालते, हे ज्याला कळले त्याला समतोल कळला असे मी मानते.

आणि अनुमापन. 0.1 मोलार ॲसेटिक आम्ल 25 मिलिलिटर, ब्युरेटमध्ये तेवढ्याच संहतीचे सोडियम हायड्रॉक्साइड. तीव्र आम्ल असते तरी अल्क लागला असता तेवढाच, बरोबर 25 मिलिलिटर. मग ‘सौम्य’ कशात? शेवटी तू सातवर थांबत नाहीस, 8.7 वर जातोस, कारण मागे उरलेला ॲसेटेट आयन पाण्याकडून प्रोटॉन ओढून घेतो आणि हायड्रॉक्साइड मोकळे होते. फिनॉल्फ्थॅलीन इथे बरोबर वेळी गुलाबी होते. मेथिल ऑरेंज मात्र कितीतरी आधीच रंग बदलून बसते. दर्शक कोणता, हे जर्नलमध्ये उतरवून घेण्याची गरज मग राहत नाही.

तुला एक सांगून ठेवते. यंदा प्रात्यक्षिकाला मी मुलांना 12.5 मिलिलिटरवर ब्युरेटची तोटी बंद करायला लावणार आहे. निम्मे आम्ल शिल्लक, निम्म्याचा ॲसेटेट झालेला, आणि तू 4.74 वर. तिथे आणखी चार थेंब अल्क टाकला तरी तू फारसा हलत नाहीस. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून त्यांनी आधी वहीत लिहायचे: या घडीला फ्लास्कमध्ये कोण कोण आहे, आणि आलेला अल्क कोणी झेलला. त्या यादीत पाणी लिहिले नसेल, तर मी वही परत देणार.

तुझी,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका